जुन्या मोटारगाड्यांतील गंज

जुन्या मोटारगाड्यांतील गंज म्हणजे व्हिंटेज आणि क्लासिक मोटारगाड्यांच्या पोलादी पत्र्याचे व सांगाड्याचे हवा आणि पाणी यांच्या संयोगाने होणारे क्षरण होय. नव्याने विकत घेतलेल्या जुन्या गाडीचे भवितव्य बहुतेक वेळा इंजिनापेक्षा गंजावर अधिक अवलंबून असते. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक इत्यादी भाग सोडवून दुरुस्त करता येतात किंवा बदलता येतात. परंतु हे सर्व भाग ज्याला जोडलेले असतात तो सांगाडाच कमकुवत झाला असेल, तर गाडी असुरक्षित ठरते आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षाही अधिक होऊ शकतो. रंगावर दिसणारा लहानसा फुगवटा हा पुष्कळदा गंजाचा आरंभ नसून आतून बाहेर आलेल्या गंजाचा शेवटचा टप्पा असतो. त्यामुळे मूल्यमापनात वरवर दिसणाऱ्या डागांपेक्षा भार वाहणाऱ्या आणि झाकलेल्या भागांची स्थिती महत्त्वाची मानली जाते.

संज्ञा

'व्हिंटेज' या शब्दाचा अर्थ देशागणिक बदलतो. ब्रिटनमधील रूढ वर्गीकरणानुसार १९१९ ते १९३० या काळात तयार झालेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणतात. जुन्या वाहनांच्या संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ 'फिवा' हा किमान ३० वर्षे जुन्या, मूळ रूपाशी सुसंगत आणि योग्य रीतीने जतन केलेल्या वाहनाला ऐतिहासिक वाहन मानतो. भारतात २०२१ मध्ये झालेल्या नियमदुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा अधिक काळ झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी व चारचाकी वाहने व्हिंटेज गणली जातात. बोलीभाषेत मात्र कोणत्याही जुन्या, जतन करण्याजोग्या गाडीला व्हिंटेज म्हटले जाते. या लेखात हा शब्द त्याच व्यापक अर्थाने वापरला आहे.

गंज लागण्याची प्रक्रिया

गंजणे ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे. ओलसर पत्र्याच्या पृष्ठभागावर काही ठिकाणी लोहाचे अणू इलेक्ट्रॉन गमावून आयनरूपात पाण्यात उतरतात. हे ठिकाण धनाग्राचे काम करते. दुसऱ्या ठिकाणी ऑक्सिजन आणि पाणी ते इलेक्ट्रॉन स्वीकारतात. ते ऋणाग्र होय. लोहाच्या आयनांचे पुढे ऑक्सिडीकरण होऊन तांबूस-तपकिरी रंगाचे सजल लोह ऑक्साइड, म्हणजेच गंज, तयार होते. ॲल्युमिनिअमवर तयार होणारा ऑक्साइडचा थर घट्ट असतो व आतील धातूचे रक्षण करतो. गंजाचा थर याउलट सच्छिद्र असतो. तो पाणी धरून ठेवतो आणि सुटून पडताना नवा धातू उघडा करतो. त्यामुळे एकदा सुरू झालेली क्रिया आपोआप थांबत नाही.

ज्या धातूपासून गंज बनतो, त्याच्या कित्येक पट जागा तो व्यापतो. दोन पत्र्यांच्या जोडात गंज साठला की तो पत्रे एकमेकांपासून दूर ढकलतो, जोडकाम उकलते आणि फटीत आणखी पाणी शिरते. फटीच्या आतील भागात ऑक्सिजन कमी पोहोचतो. जेथे ऑक्सिजन कमी तो भाग धनाग्र बनत असल्यामुळे बाहेरच्या उघड्या भागापेक्षा फटीच्या आतला धातू अधिक वेगाने झिजतो. चिखलाखाली, गालिच्याखाली, रबरी पट्टीच्या आत आणि पत्र्यावर पत्रा चढवलेल्या जोडांत गंज प्रथम का आढळतो, याचे उत्तर या गुणधर्मात आहे.

मीठ ही क्रिया वेगवान करते. मिठामुळे पाण्याची विद्युतवाहकता वाढते आणि क्लोराइड आयन धातूवरील संरक्षक थर भेदतात. युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या थंड प्रदेशांत हिवाळ्यात रस्त्यांवरील बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकले जाते. तेथील गाड्या त्यामुळे खालच्या बाजूने लवकर गंजतात. समुद्रकिनाऱ्यावर हेच काम खारी हवा करते. तापमान वाढले की रासायनिक क्रियेचा वेगही वाढतो, म्हणून मिठाच्या पाण्याने भिजलेली गाडी उबदार पण हवा न खेळणाऱ्या गॅरेजमध्ये ठेवणे थंड, कोरड्या जागी ठेवण्यापेक्षा अधिक हानिकारक ठरते.

काही कारणे स्थानिक स्वरूपाची असतात. बॅटरीतून सांडणारे सल्फ्युरिक आम्ल तिच्या खालची तबकडी खाऊन टाकते. ग्लायकॉलयुक्त ब्रेक ऑइल रंग सोलून काढते, त्यामुळे मास्टर सिलिंडरच्या खालचा पत्रा उघडा पडतो. भिन्न धातू ओल्या स्थितीत एकमेकांना टेकले असता त्यांच्यात विद्युतघट तयार होतो आणि अधिक क्रियाशील धातू झिजतो. १९४८ पासूनच्या लँड रोव्हर गाड्यांत पोलादी चॅसिसवर ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूचे बाह्यांग असे. तेथे दोन्ही धातूंच्या संपर्काच्या जागी ॲल्युमिनिअम पांढरट भुकटीच्या रूपात झिजलेले आढळते, तर पोलादी चॅसिस स्वतंत्रपणे गंजत राहते.

गाडीची रचना आणि गंजाचे गांभीर्य

गंज किती गंभीर आहे हे तो किती मोठा दिसतो यावर नव्हे, तर तो कोठे आहे यावर ठरते. यासाठी गाडीच्या रचनेची माहिती आवश्यक असते.

आरंभीच्या आणि १९३० च्या दशकापर्यंतच्या बहुतेक गाड्यांत पोलादी चॅसिस स्वतंत्र असे. इंजिन, धुरे व स्प्रिंगा चॅसिसला जोडून त्यावर बाह्यांग बसवले जाई. अनेक गाड्यांच्या बाह्यांगाला लाकडी चौकट असून तिच्यावर पत्रा ठोकलेला असे. अशा गाडीत पत्रा गंजण्याबरोबर लाकूड कुजणे हाही प्रश्न असतो. स्वतंत्र चॅसिसच्या गाडीत बाह्यांगाला पडलेले छिद्र कुरूप दिसले तरी बहुधा लगेच धोकादायक नसते. चॅसिसला, विशेषतः स्प्रिंगांच्या बैठकीजवळ, लागलेला गंज मात्र गंभीर असतो.

१९२२ मध्ये सादर झालेली लान्चिया लाम्ब्दा आणि १९३४ ची सिट्रोएन त्राक्सिओं आव्हाँ या गाड्यांनी एकसंध सांगाड्याची पद्धत पुढे आणली. दुसऱ्या महायुद्धानंतर मॉरिस मायनर, मिनी, एमजीबी अशा असंख्य गाड्या या पद्धतीने बनल्या. एकसंध सांगाड्यात वेगळे चॅसिस नसते. फरशी, दाराखालील पोकळ पेट्या, खांब, छत आणि चाकांच्या कमानी मिळून भार वाहतात. हे भाग साधारण एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे असून त्यांची ताकद त्यांच्या पेटीसारख्या बंद आकारात असते. पेटीची एक बाजू गंजून गेली की उरलेल्या तीन बाजूंची ताकद केवळ चतुर्थांशाने कमी होत नाही. बंद आकार मोडल्यामुळे पीळ सोसण्याची तिची क्षमता जवळजवळ नाहीशी होते.

दाराखालील पेटीला 'सिल' म्हणतात. छत नसलेल्या गाड्यांत तिचे महत्त्व अधिक असते. १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या एमजीबी रोडस्टरमध्ये छताचा आधार नसल्यामुळे गाडीचा ताठपणा मुख्यतः सिलवर अवलंबून असतो. ही सिल बाहेरचा पत्रा, मधला पडदा आणि आतला पत्रा अशा थरांची बनलेली असल्याने बाहेरचा पत्रा नवा दिसत असताना आतले थर गेलेले असू शकतात. फोक्सवॅगन बीटलमध्ये हेच काम दोन्ही बाजूंच्या हीटर नळ्या करतात. शिवाय तिची बॅटरी मागच्या आसनाखाली असल्यामुळे त्या जागची फरशी हमखास तपासावी लागते. मिनी गाडीत मागील सबफ्रेम आणि सिल हे भाग प्रसिद्ध दुबळे दुवे आहेत.

बाह्यांग न गंजणाऱ्या पदार्थाचे असले म्हणजे गाडी गंजमुक्त असते असे नाही. १९५३ पासूनच्या शेव्हरले कॉर्वेटचे बाह्यांग काचतंतूंचे, पूर्व जर्मनीच्या ट्राबांटचे आवरण ड्युरोप्लास्टचे, तर १९८० च्या दशकारंभीच्या डेलोरियनचे बाह्य पत्रे स्टेनलेस स्टीलचे होते. या तिन्ही गाड्यांचा आतील सांगाडा मात्र साध्या पोलादाचा असल्यामुळे तो गंजतो आणि चकचकीत आवरणामुळे तो गंज लक्षात येत नाही.

गंजाचा परिणाम एखाद्या मॉडेलच्या प्रतिष्ठेवरही होतो. १९८० मध्ये ब्रिटनमध्ये लान्चिया बीटा या गाडीच्या काही आरंभीच्या नमुन्यांत इंजिन पेलणाऱ्या सबफ्रेमच्या बैठकी गंजल्याचे उघड झाले आणि उत्पादकाला अनेक गाड्या परत घ्याव्या लागल्या. या प्रकरणाचा त्या देशातील लान्चियाच्या विक्रीवर दीर्घकाळ परिणाम झाला.

गंजाचे प्रकार

दुरुस्तीच्या दृष्टीने गंजाचे साधारणपणे तीन प्रकार मानले जातात.

पृष्ठभागीय गंज: रंगावर ओरखडा पडून किंवा खडा लागून उघड्या झालेल्या धातूवर येणारा पातळ थर. तो घासून काढल्यावर खाली स्वच्छ, सपाट धातू दिसतो व पत्र्याची जाडी जवळपास तेवढीच राहते.

खड्ड्यांचा गंज: पत्र्यावर सूक्ष्म खड्डे पडलेले असतात. खड्ड्यांच्या तळाशी गंज शिल्लक राहत असल्याने वरवर घासून तो निघत नाही. पत्र्याची जाडी कमी झालेली असते. ती किती कमी झाली यावरून तो पत्रा ठेवायचा की कापायचा हे ठरते.

आरपार गंज: पत्र्याला छिद्रे पडलेली असतात किंवा टोकदार वस्तूने दाबताच पडतात. दिसणाऱ्या छिद्राभोवतीचा बराच भाग आतून पातळ झालेला असतो. अशा पत्र्यावर कोणतेही रसायन वा रंग लावून उपयोग होत नाही. तो कापून काढावाच लागतो.

मूल्यमापन

नव्याने घेतलेल्या गाडीचे मूल्यमापन ती नियमित वापरात आणण्यापूर्वी आणि तिच्यावर कोणतेही रंगकाम करण्यापूर्वी करणे इष्ट असते. पाहणी दिवसाच्या उजेडात आणि गाडी कोरडी असताना करतात, कारण ओल्या रंगाच्या चकाकीत उंचसखलपणा व रंगछटेतील फरक दिसत नाही. पाहणीसाठी लागणारी साधने साधी असतात: टॉर्च, लहान आरसा, फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक, बोथट पेचकस, हलकी हातोडी, पोकळ्यांत शिरणारा नळीचा कॅमेरा आणि शक्य असल्यास रंगाची जाडी मोजणारे उपकरण.

प्रथम गाडी सपाट जमिनीवर उभी करून दारे, बॉनेट व डिकी यांच्या कडेच्या फटी पाहतात. दाराची फट वर रुंद आणि खाली अरुंद, किंवा याउलट, असेल तर बिजागरी झिजलेली असते किंवा सांगाडा वाकलेला असतो. त्यानंतर उत्पादकाने ठरवून दिलेल्या जागी जॅक लावून गाडी किंचित उचलतात. उचलताना दाराची फट बदलली, दार अडकू लागले किंवा जॅकची बैठक आत दबली, तर सिल कमकुवत असल्याचा तो निर्देश असतो.

त्यानंतर पाणी जेथे साचते त्या जागा क्रमाने तपासल्या जातात. पुढील काचेच्या खालची हवेची पोकळी, काचेच्या रबराखालची चौकट, दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी, हेडलाइटच्या मागील भाग, बॅटरीची तबकडी, पायांखालची फरशी, सुट्या चाकाची खळगी आणि डिकीचे कोपरे ही नेहमीची ठिकाणे होत. गालिचे उचलून खालचे नमदे हाताने दाबून पाहतात. ओल लागली तर पाणी कोठून येते याचा शोध घेणे हा तपासणीचाच भाग असतो. दारांच्या व सिलच्या तळाशी पाणी निथळण्यासाठी छिद्रे असतात. ती चिखलाने वा रंगाने बुजलेली असतील तर आत पाणी साठून राहिले असण्याची शक्यता मोठी असते.

लपवलेला गंज शोधणे हा मूल्यमापनाचा सर्वांत कठीण भाग होय. गंजलेल्या जागी पॉलिएस्टर पुट्टी, म्हणजेच लांबी, भरून वर रंग दिल्यास पत्रा अखंड भासतो. अशा जागी लोहचुंबक नीट चिकटत नाही आणि बोटाने टिचकी मारल्यास पत्र्याच्या खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज येतो. कारखान्यातील रंगाची जाडी साधारण १०० ते २०० मायक्रोमीटरच्या आसपास असते. उपकरणाने याच्या कित्येक पट जाडी दाखवली तर खाली पुट्टी असते. मात्र पूर्वी जोड बुजवण्यासाठी कारखान्यांतही शिशाचा भराव वापरला जात असे, त्यामुळे जुन्या गाडीतील प्रत्येक भराव हा फसवणुकीचा पुरावा नसतो. गाडीच्या पोटाला नुकताच फासलेला काळा, जाड डांबरी थर मात्र संशयास्पद मानला जातो; त्याच्याखाली काय आहे हे खरवडल्याशिवाय कळत नाही. संशयास्पद जागी पेचकसाने टोचून पाहतात. निरोगी पत्रा टोचण्याला दाद देत नाही, गंजलेला पत्रा चुरचुरतो वा भेदला जातो. गाडी अद्याप विकत घेतली नसेल तर अशा चाचणीसाठी विक्रेत्याची परवानगी घेतली जाते.

प्रत्येक नोंद छायाचित्रासह लिहून ठेवतात आणि गाडीच्या रेखाकृतीवर जागा दाखवतात. यातून तीन गट तयार होतात: भार वाहणारे भाग, पाणी अडवणारे भाग आणि केवळ शोभेचे भाग. ब्रिटनमधील वार्षिक वाहनतपासणीतही हेच तत्त्व आहे. स्टिअरिंग, सस्पेन्शन, ब्रेक, सीटबेल्ट यांच्या बैठकींपासून ३० सेंटिमीटरच्या आतील भार वाहणाऱ्या धातूचा गंज तेथे विशेष गंभीर मानला जातो; दूरच्या शोभेच्या पत्र्याचा गंज त्या तोलाचा धरला जात नाही.

खर्चाचा अंदाज करताना पत्रा कापल्यावर आत आढळणारी हानी बाहेरून दिसलेल्या हानीपेक्षा जवळजवळ नेहमी अधिक असते, हे गृहीत धरावे लागते. गंज केवळ बदलता येण्याजोग्या पत्र्यांत असेल तर दुरुस्ती सोपी असते. सस्पेन्शनच्या बैठकी, सिल आणि फरशी हे सर्व एकाच वेळी गेले असेल, तर गाडी दुसऱ्या गाडीसाठी सुटे भाग म्हणून वापरणे किंवा संपूर्ण नवा सांगाडा घेणे हे पर्याय उरतात. दुसरा पर्याय फार थोड्या गाड्यांना उपलब्ध आहे. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने १९८८ मध्ये मूळ साच्यांचा उपयोग करून एमजीबीचे नवे सांगाडे बनवण्यास आरंभ केला.

दुरुस्ती

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा असतो. प्रथम पाणी येण्याचा मार्ग बंद करणे, मग भार वाहणारे भाग, त्यानंतर बाहेरचे पत्रे आणि शेवटी रंग असा क्रम पाळला जातो. या क्रमाच्या उलट आधी रंगकाम केल्यास पुढील जोडकामाच्या उष्णतेने तो रंग जळतो आणि केलेला खर्च वाया जातो.

यांत्रिक पद्धती: पृष्ठभागीय गंज काचकागद, तारेचा ब्रश किंवा फिरत्या चकतीने काढतात. खड्ड्यांच्या गंजासाठी वेगाने कण फेकणारी झोतसफाई उपयुक्त असते. जाड चॅसिससाठी तीव्र झोत चालतो, पण पातळ आणि सपाट पत्रा त्यामुळे तापून व ताणला जाऊन लाटेसारखा वाकतो. अशा पत्र्यासाठी सौम्य कण आणि कमी दाब वापरतात. सिलिकायुक्त वाळूच्या धुळीने फुप्फुसांचा सिलिकोसिस हा असाध्य रोग होतो, म्हणून तिच्याऐवजी इतर पदार्थ वापरले जातात.

रासायनिक पद्धती: फॉस्फोरिक आम्ल गंज विरघळवते आणि धातूवर लोह फॉस्फेटचा थर देते. 'रस्ट कन्व्हर्टर' या नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक द्रवांत टॅनिक आम्ल असते. ते गंजाशी संयोग पावून निळसर काळे, स्थिर संयुग बनवते. हिरड्यातील टॅनिन आणि हिराकस यांच्यापासून पारंपरिक काळी शाई बनवताना होणारी क्रिया याच जातीची आहे. ही रसायने पातळ थरावर परिणामकारक ठरतात. सुटे पापुद्रे आधी काढले नाहीत तर त्यांच्याखालचा गंज तसाच राहतो. स्प्रिंगा आणि उच्चताकदीचे बोल्ट आम्लात बुडवल्यास हायड्रोजन शोषला जाऊन ते ठिसूळ होऊ शकतात.

विद्युत अपघटन: सुटे करता येणारे लहान भाग धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात बुडवून एकदिश विद्युतप्रवाहाच्या ऋण टोकाला जोडतात, धन टोकाला साध्या पोलादाचा तुकडा असतो. या पद्धतीत निरोगी धातू झिजत नाही. क्रियेत ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघत असल्याने ती मोकळ्या हवेत करतात. धन टोकाला स्टेनलेस स्टील वापरल्यास क्रोमिअमची विषारी संयुगे तयार होऊ शकतात, तर द्रावणात मीठ घातल्यास क्लोरीन वायू निर्माण होऊ शकतो. म्हणून दोन्ही टाळले जातात.

पत्रा बदलणे: आरपार गंजलेला भाग निरोगी, चमकदार धातू लागेपर्यंत कापतात आणि त्याच जाडीच्या पत्र्याचा तुकडा घडवून जोडतात. नवा पत्रा जुन्यावर ठेवून जोडल्यास दोहोंच्या मध्ये फट राहते आणि तीत पुन्हा गंज धरतो; म्हणून दिसणाऱ्या भागांत कडेला कड भिडवून जोडकाम करतात. कारखान्यात ठिपक्यांच्या वेल्डिंगने केलेले जोड पुन्हा करताना वरच्या पत्र्याला छिद्रे पाडून ती वेल्डिंगने भरली जातात. मिग पद्धत शिकण्यास सोपी असल्याने गॅरेजमध्ये सर्वाधिक रूढ आहे; टिग पद्धतीचा जोड मऊ व ठोकून सपाट करण्याजोगा असतो, पण तिला अधिक कौशल्य लागते. पातळ पत्रा एकाच जागी सतत तापवल्यास वाकतो, म्हणून दूरदूरच्या ठिकाणी टाके देत आणि मधे थंड होऊ देत काम पुढे नेतात.

सिल कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत पोलादी नळ्यांचे तात्पुरते आडवे-तिरपे आधार जोडतात आणि गाडी योग्य जागी टेकवतात. आधार न देता सिल कापल्यास सांगाडा मध्यभागी खचतो आणि त्याच स्थितीत नवी सिल जोडली गेली तर दारे पुन्हा कधीच नीट बसत नाहीत. याच कारणासाठी दोन्ही बाजूंच्या सिल एकाच वेळी कापल्या जात नाहीत आणि अंतिम जोडकामापूर्वी दार बसवून फट तपासली जाते.

पुट्टीचे स्थान: पुट्टी ही निरोगी पत्र्यावरील किरकोळ उंचसखलपणा भरण्यासाठी असते. छिद्र बुजवण्यासाठी ती वापरल्यास मागील बाजूने ओल शोषून घेते आणि काही काळाने रंगासह फुगून सुटते. भार वाहणाऱ्या भागांवर पुट्टी वा काचतंतूंचे ठिगळ लावणे धोकादायक असते, कारण अपघातात ते कोणतीही ताकद देत नाही आणि तोवर दोष दृष्टीआड ठेवते.

संरक्षण

जोडकाम झालेल्या जागी जस्तयुक्त किंवा इपॉक्सी प्रायमर देतात, जोडांवर लवचीक सीलर भरतात आणि मग रंगाचे थर चढवतात. बाजारात सहज मिळणारा रेडऑक्साइड प्रायमर सच्छिद्र असल्यामुळे त्यावर वेळेत रंग न दिल्यास ओल आत जाते. सिल, दारे व खांब यांच्या पोकळ्यांत जोडकामाच्या उष्णतेने आतील रंग जळलेला असतो आणि तेथे ब्रश पोहोचत नाही. म्हणून लांब नळीच्या फवाऱ्याने मेणयुक्त द्रव आत सोडतात. तो फटींत झिरपतो आणि मऊ राहत असल्याने त्याला तडे जात नाहीत. फवारणीनंतर निथळण्याची छिद्रे पुन्हा मोकळी केली जातात.

जस्तलेपित सांगाडे आणि विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने देण्यात येणारे बुडीत प्रायमर यांचा प्रसार १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून वाढला. पोर्शे ९११ च्या सांगाड्याला १९७० च्या दशकाच्या मध्यापासून, तर आऊडी ८० च्या संपूर्ण बाह्यांगाला १९८६ पासून जस्ताचे संरक्षण मिळाले. त्यापूर्वीच्या बहुतेक गाड्यांना असे संरक्षण नसल्याने त्यांच्या बाबतीत साठवणीची जागा निर्णायक ठरते. हवा खेळती ठेवणे आणि सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राखणे लाभदायक असते. प्लास्टिकचे ताडपत्रीसारखे आवरण गाडीला घट्ट लपेटल्यास आत दव साठते. श्वसनक्षम कापडी आवरण त्यापेक्षा बरे.

सुरक्षितता

गाडीखाली काम करताना ती केवळ जॅकवर न ठेवता पक्क्या घोड्यांवर टेकवली जाते. गंजलेल्या सांगाड्यात घोडा कोठे लावायचा हेदेखील आधी तपासावे लागते. जोडकामापूर्वी बॅटरी सोडवतात, पेट्रोलची टाकी व नळ्या दूर करतात आणि आसपासचे गालिचे, डांबरी थर काढून टाकतात. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक स्फोटक असू शकते, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण असते. जस्तलेपित पत्र्याच्या जोडकामातील धुराने ताप येऊ शकतो. जुन्या रंगांत आणि भरावात शिसे असू शकते, म्हणून ते कोरडे घासताना योग्य मुखवटा आवश्यक असतो.

मूळपणा आणि नियम

गंजाच्या दुरुस्तीत सुरक्षितता आणि मूळपणा यांच्यात ओढाताण असते. कापून टाकलेला मूळ पत्रा परत मिळत नाही. त्याच्याबरोबर कारखान्यातील ठशांच्या, जोडांच्या आणि मूळ रंगाच्या खुणाही जातात. फिवाच्या ट्युरिन सनदेत ऐतिहासिक वाहनावर शक्य तितका कमी हस्तक्षेप करावा आणि केलेल्या कामाची नोंद ठेवावी, हा विचार मांडला आहे. त्यानुसार शोभेच्या भागावरील स्थिरावलेला जुना गंज साफ करून मेणाने झाकून ठेवणे अनेकदा योग्य ठरते. भार वाहणाऱ्या भागांबाबत अशी सवलत घेता येत नाही. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत माणसे बसतात आणि तिच्यासमोरही माणसेच असतात.

भारतात व्हिंटेज नोंदणीसाठी चॅसिस, बाह्यांगाचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठे फेरबदल झालेले नसावेत, अशी अट आहे. अशा वाहनांना क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे मिळतात आणि प्रदर्शने, संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे व देखभाल अशा मर्यादित कामांसाठीच ती रस्त्यावर आणता येतात. त्यामुळे गंजलेला भाग मूळ आकारात दुरुस्त करणे आणि सांगाड्याची रचनाच बदलणे यांतील फरक कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. चॅसिस क्रमांक कोरलेला पत्रा गंजला असल्यास तो कापण्यापूर्वी नोंदणी अधिकाऱ्यांचा सल्ला घेणे आवश्यक ठरते.

भारतातील परिस्थिती

भारतात बर्फासाठी रस्त्यांवर मीठ टाकण्याची पद्धत सर्वसाधारण नाही. परंतु दीर्घ पावसाळा आणि किनारपट्टीची खारी, दमट हवा यांमुळे मुंबई, कोकण व गोवा येथील जुन्या गाड्यांना गंजाचा धोका मोठा असतो. देशाच्या अंतर्भागातील कोरड्या हवेत पत्रा अधिक टिकतो, मात्र तेथे उन्हाने रबरी पट्ट्या कडक होऊन फाटतात आणि पुढच्या पावसात काचेच्या चौकटीतून पाणी आत येते.

जतन केल्या जाणाऱ्या भारतीय गाड्यांपैकी हिंदुस्थान ॲम्बॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या दोन्ही एकसंध सांगाड्याच्या आहेत. ॲम्बॅसेडर ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्डवर, तर मुंबईतील कुर्ला येथे बनलेली पद्मिनी इटलीच्या फियाट ११०० वर आधारित होती. त्यामुळे त्यांची फरशी आणि सिल यांच्याकडे चॅसिसइतक्याच गांभीर्याने पाहावे लागते. विलीज जीपसारख्या वाहनांत याउलट स्वतंत्र चॅसिस असल्याने बाह्यांग उतरवून दोन्हींची वेगवेगळी दुरुस्ती शक्य होते. टिंकर काम करणारे कारागीर हातोडी आणि ऐरणीवर पत्रा घडवून अप्राप्य भाग तयार करू शकतात. या कौशल्यामुळे तयार पत्रे न मिळणाऱ्या गाड्याही वाचवता येतात. मात्र गंजलेला पत्रा न कापता त्यावर दुसरा पत्रा चढवून लांबी भरण्याची रीत टाळली, तरच ती दुरुस्ती टिकाऊ ठरते.